आक्काने झाडं रंगवली तो दिवस

मी कधी देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण युक्रेनच्या सरहद्दीवरचं एक गाव मला जिंतूरपेक्षा जास्त ठाऊक आहे. बसथांब्यावर उतरलं की डाव्या हाताला पावाचं दुकान. मग शाळेची लांबलचक पिवळी भिंत, मग उतार, आणि उताराच्या तळाशी नदी. नदीवर पूल. पुलापलीकडे कारखान्याची धुराडी, त्यामागे उंच झाडांचं जंगल, आणि जंगल संपलं की दुसऱ्याचा मुलूख. पुलाच्या अलीकडे चढावर, तिसऱ्या बोळात, निळ्या खिडक्यांचं एक बुटकं घर. ते आक्काचं.

मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर आडवी झाले की माझे डोळे जड व्हायचे आणि मी पायात चपला सरकवून त्या गावात फिरायला निघायचे. अंगावर घरातलंच लुगडं, हातात पिशवी. चपला तिथल्या फरशीवर फटफट वाजायच्या. रस्त्यात लोक असायचे, पण कुणी विचारायचं नाही की बाई, तुमी कोणच्या. हवा गार असायची. पावाच्या दुकानाशी थांबून मी आत डोकवायचे आणि आत आमच्या शाळेतला शिपाई पाव विकायला बसलेला असायचा. मला त्याचंही नवल वाटायचं नाही. झोपेत माणूस फार समजूतदार असतो.

मी भूगोलाची मास्तरीण. जिंतूरच्या आसपासच्या खेड्यांत सगळी नोकरी झाली. ज्या देशांची पिकं आणि खनिजं पोरांकडून पाठ करून घेतली, त्यातला एकही पाहिला नाही. त्यामुळे मुलीने मोबाईलवर नकाशा उघडून दिला आणि दोन बोटांनी गाव मोठं करायला शिकवलं, तेव्हा मला वेडच लागलं. घरांची छपरं दिसायची, परसातली झाडं दिसायची. मी बोळ न् बोळ पाठ केला. आमचे हे म्हणायचे, "इथं दूधवाल्याचं घर ठावं न्हाई, अन् तिथली गटारं मोजायलीस."

मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली होती. मोठ्या शहरात, एका विधवा बाईकडे खोली घेऊन राहायची. त्या बाईने आयुष्यभर शिवणकाम केलेलं. मुलगी तिला त्यांच्या भाषेतलं आजी म्हणायची. ती माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणायला लागले. सुरुवातीला मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मागून एक डाव घेतलेला हात यायचा आणि मुलीच्या ताटात काहीतरी वाढून जायचा. मग एक दिवस त्या हातामागचं तोंड आलं, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि तळहात वर करून स्पष्ट म्हणालं, "जय भीम." मुलीने शिकवलं होतं. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

लढाई सुरू झाली तेव्हा आक्काने मुलीला स्टेशनपर्यंत पोचवलं. गाड्यांना ही गर्दी. बाईने कोपर मारत वाट काढली, मुलीला डब्यात कोंबलं, तिच्या पिशवीत उकडलेली अंडी आणि सफरचंदं भरली आणि खाली उभी राहिली. मुलगी आठ दिवसांनी घरी आली ती त्या अंड्यांवर आली. हे मी कुणालाही सांगताना आवाज लावून सांगते. ज्या बाईने माझं लेकरू माझ्याकडे धाडलं, तिचं मी काय देणं लागत नाही?

आक्का मग शहरातली जागा सोडून आपल्या सरहद्दीवरच्या घरी गेली. तिथे तर पलीकडची फौज पहिल्याच दिवशी शिरली होती. पूर्ण उन्हाळा फोन बंद. थंडी सुरू व्हायच्या तोंडावर ती फौज निघून गेली आणि एका दुपारी आक्काचा चेहरा पुन्हा माझ्या हातात उजळला. गाल बसले होते. रुमाल तोच. ती काहीतरी भरभर बोलत होती, मी काहीतरी भरभर बोलत होते, आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. तरी कॉल पाऊण तास चालला.

तिथून आमचा परिपाठ सुरू झाला. मुलगी परभणीला दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागली, तिला वेळ नसायचा. तिने माझ्या मोबाईलमध्ये भाषा बदलून देणारं काहीतरी घालून दिलं. मी त्यात म्हटलं, "आक्का, आज लय उकडायलंय बघा." त्या यंत्राने तिला काय सांगितलं देव जाणे, ती हसून हसून ओट्यावर बसली. ते आम्ही सोडूनच दिलं. मी वांगं दाखवायचे, ती कोबी दाखवायची. मी भाकरी थापून दाखवली तर तिने टाळ्या वाजवल्या. ती एकेका वस्तूवर बोट ठेवून नाव सांगायची आणि मी वहीत उतरून घ्यायचे. पाणी, पाव, बस, कोंबडी, ऊन. हसणं, रडणं, भिणं ही ती तोंड करून दाखवायची, अगदी नाटकवालीसारखी. वर्ष-दीड वर्षात माझ्याकडे साठ-सत्तर शब्द जमले. मला ती आपल्या भाषेत मास्तरीण म्हणायची. ज्या सुरात म्हणायची त्यात थोडी चेष्टा आणि बराच मान असायचा. तिला वाटायचं, मास्तरणीला सगळं कळतं. मलाही तसं वाटायचं, ही माझी जित्याची खोड.

मग दुसऱ्यांदा आले. तोही मे महिनाच होता. जंगलातून उतरले आणि नदीपलीकडचा भाग त्यांनी दोन-तीन दिवसांत गिळला. आमच्या घरात टीव्हीवर नकाशा दिसायचा आणि त्यावर लाल रंग सांडल्यासारखा वरून खाली यायचा. आमचे हे येलदरीच्या वीजघरात नोकरी केलेले. पाण्याबद्दल त्यांच्याशी कुणी वाद घालू नये. ते पोह्यांच्या ताटलीशेजारी चमचा आडवा ठेवून म्हणायचे, "ही नदी. पूल पाडला की अलीकडं येणं सोपं न्हाई. ती बाई अलीकडं हाय. भिऊ नको." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. मी मात्र ऐकत बसायचे, कारण मला कुणीतरी भिऊ नको म्हणायला हवं होतं.

मुलीच्या ओळखीची काही पोरं तिकडे होती. जुनी गाडी घेऊन बोळाबोळांतून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढायची. मुलीने आक्काचं नाव त्यांच्याकडे दिलं. गाडी दोनदा दारात जाऊन आली. आक्का दोनदा नाही म्हणाली. तिच्या कोंबड्या होत्या, चेरीला फळ धरलं होतं, आणि मागच्या खेपेस आले तसे जातील असं तिचं म्हणणं.

मी रोज कॉल करायचे. पिशवी दाखवायचे. पिशवीत शाल घालून दाखवायचे, घड्याळावर बोट आपटायचे. तिच्या भाषेतले दोन शब्द जोडून म्हणायचे, बस, जा. बस, जा. पालथ्या घड्यावर पाणी. ती मान हलवायची आणि मला कोंबडी दाखवायची. मग मला रडू फुटायचं. मी तिच्यासमोर रोज रडले, लाज सोडून रडले. मागे दूर धडधड ऐकू यायची, आपल्याकडे लग्नात औट उडवतात तशी. ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही. मला एवढंच हवं होतं की तिने त्या गाडीत बसावं. दुसरं काही नको होतं.

दुपारी मी त्या गावात जायचे ते आता तिला आणायला. उतार उतरायचे, पुलाकडे न जाता चढ चढायचे. बोळ मोजायचे. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याच्या जागी जिंतूरची भाजीमंडई लागायची. मेथीच्या जुड्यांतून वाट काढत मी हाका मारायचे. जाग आली की उशी ओली असायची.

त्या दिवशी दीडच्या सुमारास कॉल लागला. आक्का परसात होती. तिने मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि हातात कुंचला होता, पायाशी बादली. ती अक्रोडाच्या बुंध्याला चुना देत होती. खालपासून कमरेइतका बुंधा पांढराफेक. चेरीचे बुंधे आधीच झाले होते. मागे खिडक्यांच्या चौकटींवर नवा निळा रंग चमकत होता. पायरी धुतलेली. अंगण झाडलेलं, झाडूचे फराटे दिसावेत इतकं नीट झाडलेलं. नदीकडून आवाज येत होते आणि ती बाई शांतपणे कुंचला बादलीत बुडवून निथळत होती.

मी उचललेली पिशवी खाली ठेवली. कारण हे मी आधी ऐकलं होतं.

माझ्या सासूबाईंचं गाव येलदरीच्या पाण्यात गेलं. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. धरण भरणार हे ठरलं, लोकांनी दारं-तुळया काढून बैलगाड्यांत घातल्या. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायकांनी घरं सारवली. भिंतींना पांढरी माती दिली. चूल पोतारली. दार नसलेल्या, छप्पर उतरवलेल्या घरांत त्या दिवसभर सारवत बसल्या, आणि महिन्याभरात तिथे पाणी आलं. मी सून म्हणून आले तेव्हा शिकलेली असल्याच्या तोऱ्यात विचारलं होतं, बुडणारं घर सारवायचं कशाला? सासूबाई म्हणाल्या होत्या, "सोडून जायचं घर घाण सोडू नये बाई. पाणी का असंना, येणाऱ्याला घर साफ पाहिजे." त्या गेल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. पण त्यांचं ते बोलणं माझ्या अंगात मुरलेलं होतं, आणि त्या दुपारी कूलरच्या घरघरीत ते मला कुणी कानाशी येऊन बोलावं तसं ऐकू आलं.

म्हणजे आक्का निघाली. मला इतकं स्पष्ट दिसलं की माझ्या छातीवरचा दगड उतरला. नदी तीच, बाई तीच, फक्त लुगड्याऐवजी फुलाफुलांचा झगा. मी पिशवी दाखवली नाही. घड्याळ दाखवलं नाही. मी हसले. कितीतरी दिवसांनी मनापासून हसले, आणि हात जोडले. आक्का कुंचला धरून माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग तीही हसली, आणि पांढरा झालेला हात तिने काचेजवळ आणून हलवला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"मम्मी, उद्या सकाळी गाडी परत चाललीय त्या भागात. एक जागा हाय म्हणाले. शेवटचीच असंल. तू एकदा तिला कॉल कर ना. तू रडलीस की ती हलती, मला माहितेय."

"काही गरज न्हाई. ती निघालीय."

"कोण म्हणालं?"

"मी बघितलंय. झाडांना चुना द्यायलीय. खिडक्या रंगवल्यात."

"मम्मी, रंग द्यायलीय म्हणजे राहायलीय ना ती?"

"तुला न्हाई कळायचं. तिला आता घाई करू नये. तिचं तिला सोडू दे घर."

आमचे हे जेवता जेवता ऐकत होते. म्हणाले, "जाणारं माणूस रंग देतं का कुठं?"

"तुमच्या आईनं दिला होता," मी म्हणाले.

त्यांनी हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. मला आपण जिंकल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. मुलीने पुन्हा विचारलं, नक्की ना मम्मी? मी नक्की म्हणाले.

गाडी रिकामी आली. मुलीला त्या पोराने सांगितलं, म्हातारी फाटकापर्यंत आली, पोराच्या हातात चेरीचा कागदी द्रोण दिला आणि जा म्हणाली. मी मुलीची समजूत घातली. म्हटलं, शेजारणीबरोबर निघेल, तिच्या सवडीने निघेल, घर सोडणं म्हणजे कपडे बदलणं नव्हे. दुसऱ्या दिवशी मी कॉल केला. लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला नाही. मला वाटलं, प्रवासात असेल. टीव्हीवरचा लाल रंग नदीच्या अलीकडे आला होता आणि ह्यांनी चमचा ठेवायचं बंद केलं होतं.

मग जून गेला, सोयाबीन उगवून गुडघ्याला आलं. मी रोज दीड वाजता कॉल करायचे आणि फोनमधली तीच ती बाई तिच्या भाषेत तेच वाक्य बोलायची. ते वाक्यही माझं पाठ झालं. मी मनात आक्काला कुठेतरी बसवलं होतं. एखाद्या शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, खाटांच्या रांगेत, खिडकीशी. तिच्या मांडीवर कुणाचा तरी फाटका सदरा आणि हातात सुई. मोबाईल हरवला असणार. म्हातारी माणसं मोबाईल हरवतातच. सोयाबीनच्या शेंगा भरेपर्यंत मी तिला त्या खाटेवर बसवून ठेवलं. दुपारी मला ती तिथे दिसायची आणि मी निवांत झोपायचे. हे आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

पोळा होऊन गेला होता. मुलगी रविवारची घरी आली होती आणि आम्ही तिघं समोरच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. तिच्या मोबाईलवर तिकडचा नंबर आला. आक्काची शेजारीण होती. ती मोठ्या शहरात पोचली होती आणि कुणाकुणाला विचारत मुलीपर्यंत आली होती. मुलीने आवाज मोठा केला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. शेजारीण एकेक वाक्य बोलायची, थांबायची. मुलगी आम्हाला मराठीत सांगायची.

गाडी गेल्यावर नवव्या दिवशी आक्का नळावर पाणी भरायला गेली होती. गोळा बोळातच पडला. शेजारणीने आणि तिच्या भावाने तिला अक्रोडाखाली पुरलं. त्रास झाला नाही, जागीच गेली. ते दोघं त्यानंतर पाचव्या दिवशी पायी निघाले.

मुलीचा आवाज डॉक्टरचा होता, सपाट. डोळे मात्र वाहत होते. ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणाले, "विचार तिला, झाडांना चुना का देत होती ती?"

मुलीने विचारलं. उत्तर आलं. "दरवर्षीच देतात म्हणे मम्मी, उन्हाळ्याच्या आधी. किडे चढू नयेत म्हणून. यंदा गोळीबारामुळं तिला उशीर झाला होता."

मी भूगोल शिकवला. तिथली माती, तिथला गहू, तिथला कोळसा, सगळं मला ठाऊक होतं.

शेजारीण आणखी बोलत होती. मुलगी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने मान खाली घातली. या वेळी वाक्य लांब होतं. मला त्यातलं सगळं कळलं नाही. माझ्याकडे साठ-सत्तरच शब्द. पण जे कळले ते एकामागून एक, दारातून माणसं आत यावीत तसे आले. मास्तरीण. रोज रडायची. बस, बस म्हणायची. मग आक्काचं नाव. मग मास्तरीण पुन्हा. त्या दिवशी रडली नाही. हसली. मास्तरणीला कळतं. भिऊ नको.

शेजारीण थांबली.

"काय म्हणाली गं?" ह्यांनी विचारलं.

मुलीने डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं नाही. "काही न्हाई पप्पा. शेवटपर्यंत मम्मीची आठवण काढायची म्हणाली."

मी "बरं" म्हणाले. मग म्हणाले, तिला विचार तिची राहायची सोय झाली का, भाऊ बरा हाय का. मुलगी विचारत राहिली, शेजारीण सांगत राहिली, आणि मी कप गोळा करून मोरीत नेले.

मुलीने त्यानंतर तो विषय काढलेला नाही. दवाखान्यात ती रोज कुणाकुणाच्या नातेवाइकांना काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवते, आणि लोक म्हणतात डॉक्टरीणबाई फार जपून बोलतात. मला काही कळलं नाही, असं तिला वाटतं. मी तिला तसंच वाटू देते.